शंभरातून सात

शनिवार, १४ ऑक्टोबर

लेकीनं, लिन्झीनं वाढदिवसाला दिलेला तंबू आज परसात उभा करून पाहिला. दुकानदारानं तिला सांगितलं म्हणे, हा बर्फात डोंगर चढणाऱ्यांचा तंबू आहे. खालून चारी बाजूंनी झालर आहे, ती जमिनीला चिकटून बसते. वाऱ्याची झुळूक आत शिरेल तर शपथ. वरच्या बाजूला हात जाईल एवढे दोन झरोके, बस्स. बाबांच्या कॅनव्हासच्या तंबूत आम्ही पाचजण झोपायचो आणि सकाळी पांघरुणावर दव असायचं. हा तंबू बघून बाबा म्हणाले असते, घर विकू आणि ह्यातच राहायला जाऊ.

उद्या निघते. बारा दिवस, मी आणि माझी डोरिस. डोरिस म्हणजे माझी अडीचशे सीसीची बाईक, तिचं वय एकतीस. माझं चौसष्ट. दोघींनाही थंडीत सुरू व्हायला वेळ लागतो.

का निघते ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी विसरले असं कोणी म्हणायला नको. झालं एवढंच, की ऑगस्टात मी विजेची किटली गॅसच्या शेगडीवर ठेवली. शाळेच्या स्वयंपाकघरातून अडतीस वर्षांनी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी बायकांनी मला शेरीचे चार ग्लास पाजले होते. किटलीचं बूड वितळलं, शेगडीभर काळं प्लास्टिक. हे मी लिन्झीला हसत हसत सांगायला गेले आणि पोरीचा चेहरा पांढरा पडला. कारण माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आईनंही किटलीच जाळली होती. चार वर्षांत ती मला 'नर्स' म्हणून हाक मारायला लागली.

"तीस तारखेला दवाखान्यात जायचं, आई. मी नाव नोंदवलंय."

"आणि त्यांनी सांगितलं डोकं बिघडलंय, तर?"

"तर डोरिसची किल्ली माझ्याकडे."

"आणि पुढं? घराचीही?"

ती उठून कप विसळायला लागली. म्हणजे तेही ठरवून झालेलं असणार. मी म्हटलं, ठीक आहे, पण त्याआधी बारा दिवस माझे. एकटीनं जाऊन, एकटीनं तंबू ठोकून, धडधाकट परत येऊन दाखवते. मग बघू.

शेजारची ब्रेंडा नवऱ्याला त्याच विसराळूंच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. ती म्हणते, तिथं शंभरातून सात सात वजा करायला लावतात. मी रोज म्हणणार आहे. आज सोळा सेकंदांत शंभरावरून दोनावर आले.

बाबांचा बिस्किटांचा निळा डबाही सामानात टाकला. त्याला खिळ्यानं पाडलेली भोकं आहेत. बाहेर त्यात कोळसे पेटवायचे, सॉसेज भाजायचे, आणि धूर थांबून नुसते लाल निखारे उरले की झाकण अर्धं लावून डबा आत पायाशी घ्यायचा. ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत बाबांनी तीस वर्षं आम्हाला असंच ऊबेत ठेवलं.

सोमवार, १६ ऑक्टोबर. डेंट

काल रात्रभर वारा. डबा आत होता, पण झरोक्यांची झापडं अशी फडफडत होती की मधूनमधून जाग येत राहिली. कापड मात्र कुठं चुकूनही गळलं नाही. सकाळी हात गार, नाक गार, डोकं लख्ख. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी… चौदा सेकंद! लिन्झीला फोन करून सांगितलं. म्हणाली, "आई, मी तुला परीक्षेला नाही बसवलेलं." बसवलंयस की.

आज रात्री झरोक्यांत लोकरीचे मोजे कोंबीन. फडफड तरी थांबेल.

बुधवार, १८ ऑक्टोबर, सकाळ. टीसडेल, मेंढ्यांच्या गोठ्यामागं

वारा पडला आणि थंडीनं डोकं वर काढलं. पण आत काय ऊब! मोजे कोंबले, झालर दगडांनी दाबली, डबा पायाशी. मेल्यासारखी झोप लागली.

उठले तेव्हा डोक्यात घणाचे घाव पडत होते. मळमळ. कालच्या डबाबंद मटणाचा मला आधीच संशय होता. अडतीस वर्षं तीनशे पोरांना जेवू घातलं, एकाचंही पोट बिघडू दिलं नाही, आणि स्वतः असलं काहीतरी खाते. तंबूची चेन उघडायला कितीतरी वेळ लागला. ती कुठल्या बाजूला आहे तेच आठवेना.

सातांचा उलटा पाढा पासष्टापर्यंत आला. पुढं काय ते सुचलंच नाही. पुन्हा शंभरापासून सुरू केलं, पुन्हा पासष्टाला अडकले. तिसऱ्यांदा नाही केलं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर, दुपार

मटण नव्हतं. काल रात्री नुसता पाव आणि चीज खाल्लं होतं, तरी सकाळी तेच. तासभर बाईक चालवली की धुकं उतरतं तसं डोकं मोकळं होत जातं. आत्ता म्हणाल तर पंधरा सेकंदांत दोनावर येते.

खिंडीच्या माथ्यावर चहाची गाडी उभी असते, तिथं थांबले. गाडीवाली बाई म्हणाली, "गाल बघ कसे लाल झालेत तुझे, पोरी! थंडी मानवली तुला." चौसष्टाव्या वर्षी पोरी म्हटलेलं कोणाला आवडत नाही? मी दोन केक घेतले.

तिथं एक म्हातारा बाईकवाला बसला होता, दाढीला अंड्याचा पिवळा बलक लागलेला. माझ्या डोरिसकडं बघत म्हणाला, "काल सकाळी मिडलटनच्या रस्त्यावर तुम्हीच होतात ना? मी मान हलवली. तुम्ही माझ्या आरपार बघितलंत."

"शक्यच नाही."

"निळी बाईक, लाल हेल्मेट. आणि रस्त्याच्या मधोमध चालला होतात, बाईसाहेब. मी गटारात जाता जाता राहिलो. म्हटलं, फार मोठ्या घरच्या असतील."

सगळे हसले, मीही हसले. समोरून बाईक आली की मान हलवायची, हे मला बाबांनी विसाव्या वर्षी शिकवलं. चव्वेचाळीस वर्षांत मी एकदाही चुकले नाही. नवऱ्याच्या, रॉयच्या अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा समोरच्याला मान हलवली होती. आणि हा माणूस मला आठवतही नाही. तो रस्ता आठवत नाही.

गाडीच्या मागं जाऊन थोडा वेळ रडले. आईला दुकानात असंच कोणीतरी म्हणालं होतं, "काय थॉर्नबरबाई, ओळख नाही दिलीत?" तिथून सगळं सुरू झालं.

लिन्झीला सांगायचं नाही.

शनिवार, २१ ऑक्टोबर

काल लिहायला बसले होते. आज वही उघडली तर त्या पानावर एकच वाक्य तीनदा लिहिलेलं. 'कोळसे ओले नाहीत ना बघ.' अक्षर माझंच आहे, पण उतरत उतरत कोपऱ्यात गेलंय. पान फाडून टाकलं.

आज सकाळी गुडघ्यांवर रांगत बाहेर आले आणि गवतात उलटी केली. बराच वेळ तशीच पडून होते, मग बरं वाटलं. दहापर्यंत ठीक. अकरापर्यंत अगदी ठीक. म्हणजे माझा आजार सकाळी येतो आणि दुपारी जातो. आईचा उलटा होता, तिचं संध्याकाळी बिघडायचं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असेल.

लिन्झीचा फोन आला.

"आवाज असा का येतोय तुझा?"

"डोंगरात रेंज नाही."

"खाते आहेस ना नीट?"

"तुझ्यापेक्षा नीट."

"आई, खरं सांग, काही होतंय का?"

"हो, होतंय. मजा होतेय."

फोन ठेवला आणि पिशवीच्या तळाशी खुपसला. खोटं बोलण्याचं नव्हतं काही, लहानपणापासून तिच्याशी पडलेले दात नेणाऱ्या परीबद्दल, सांताबद्दल थापा मारत आलेच की. पण ह्यावेळी मला भीती वाटली. मनापासून वाटली. तीस तारखेला मी त्या खुर्चीत बसणार आणि पासष्टाला अडकणार, आणि कोणीतरी प्रेमळ आवाजात म्हणणार, काही हरकत नाही, मॅरियन.

रविवार, २२ ऑक्टोबर, संध्याकाळ. कॉकेट नदीकाठी, डॉडबाईंचं शेत

डॉडबाई म्हणजे ह्या शेताच्या मालकीण. सत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, पण मेंढीला एका हातानं उलथी पाडतात. तंबू ठोकेपर्यंत कमरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या. मी डब्यात कोळसे पेटवले तशा जवळ आल्या.

"हा डबा रात्री कुठं असतो?"

"बाहेर."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? दिसतोय ना बाहेर?"

"मार्चमध्ये त्या खालच्या कुरणात एक जोडपं उतरलं होतं. चांगली माणसं. थंडी वाजली म्हणून बार्बेक्यू विझत आल्यावर आत घेतला. सकाळी दूध द्यायला मीच गेले." त्या तंबूकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही. "मला वाटलं झोपलेत. दुधाची बाटली ठेवून मी परतसुद्धा आले. दुपारी पुन्हा गेले तर बाटली तिथंच."

मी म्हटलं, वाईट झालं हो. मनात म्हटलं, ते आजकालचे पत्र्याच्या थाळीतले तयार बार्बेक्यू, धूर ओकणारे. विझत आल्यावर म्हणजे धूर असतानाच आत घेतला असणार. मला कोणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. गेले दोन महिने सगळं जग मला शिकवायला निघालंय. पण त्यांच्या खिडकीतून माझा तंबू सरळ दिसतो. आता उगाच तमाशा नको. राहू दे आज डबा बाहेर. त्यांनी दिलेलं मटार-हॅमचं सूप पिऊन, अंगावर आहेत नाहीत ते कपडे चढवून झोपते.

सोमवार, २३ ऑक्टोबर, सकाळ

रात्रभर कुडकुडले. कंबर धरलीय, बोटं वाकत नाहीत. झोप म्हणाल तर दोन तास.

पण डोकं! शंभर ते दोन, तेरा सेकंद. मळमळ नाही, घणाचे घाव नाहीत. चेन पहिल्या झटक्यात उघडली. मी डॉडबाईंच्या ओट्यावर जाऊन त्यांना सातांचा उलटा पाढा म्हणून दाखवला. त्या म्हणाल्या, "मला तर तो सरळ पाढाही येत नाही." सूप कशाचं केलं ते विचारून घेतलं, हाडांचं सूप आहे, त्यात ताकद असणारच. थंडीनंही डोकं ताळ्यावर येत असेल कदाचित. पण असं कुडकुडून किती रात्री काढणार? चौसष्टाव्या वर्षी हाडं गोठली तर डोरिसवर बसणार कोण?

निघताना त्यांनी डब्याकडं बोट दाखवलं. "बाहेर हं." मी म्हटलं, "हो हो." म्हातारी माणसं एका गोष्टीवर अडून बसतात.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

हे दुपारी लिहिते आहे. सकाळी लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते.

काल रात्री जंगलाच्या कडेला उतरले. कोणी बघायला नव्हतं, डबा आत घेतला, पाय शेकले, कंबर सुटली. देवाशपथ सांगते, इतकं बरं वाटलं की मी गुणगुणत होते.

सकाळी जागी झाले तेव्हा उजेड बराच वर आला होता. मला वाटलं मी शाळेत आहे आणि बटाटे करपताहेत. उठायला गेले, पायच नाहीत. म्हणजे होते, पण माझे नव्हते. कोपरांवर सरकत बाहेर आले. डोरिसला स्टँडवरून काढलं आणि ती माझ्या अंगावर आली. आम्ही दोघी चिखलात आडव्या. आणि तिथं पडल्या पडल्या मला माझ्या मुलीचं नाव आठवेना. तिचा चेहरा दिसत होता, डाव्या भुवईवरचा व्रण दिसत होता, तो कसा झाला तेही माहीत होतं. नाव नाही. मी एकेक नाव म्हणून बघत होते, माझ्या आईचं, बहिणीचं, ब्रेंडाचं.

अर्ध्या तासानं आलं. लिन्झी. मी मोठ्यानं हाक मारली, त्या झाडांत.

आता मात्र मला कळलं आहे. आईला चार वर्षं लागली होती, मला दहा दिवसही नाही लागले.

बुधवार, २५ ऑक्टोबर, संध्याकाळचे साडेपाच. किर्कबी स्टीफनजवळ

संपवलं. म्हणजे सहल संपवली. सकाळी पुन्हा तेच होतं, पण मी वाट पाहिली, डोकं शांत झालं, मग हळूहळू चालवत इथवर आले. वाटेत एकोणीस बाईकवाल्यांना मान हलवली, मोजून. कदाचित शेवटच्यांदाच.

दुपारी गावातल्या पबमधून लिन्झीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. टीसडेल, तो दाढीवाला, फाडलेलं पान, तिचं नाव. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं. पलीकडं ती रडत होती.

"किल्ली तुला देते," मी म्हटलं. "तीस तारखेपर्यंत थांबायला नको. तूच जिंकलीस."

"किल्ली-बिल्ली गेली खड्ड्यात, आई! मला तू पाहिजेस. इतके दिवस एकटीनं कशाला सहन केलंस?"

"तू घर विकशील म्हणून."

"कोणी सांगितलं तुला? मी वरची खोली रंगवतेय. तुझ्यासाठी. डोरिससाठी शेडपण रिकामी केलीय, चालवायची नसली तरी तुझ्या नजरेसमोर राहील."

ऑगस्टापासून मी ह्या पोरीला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील.

"कुठं आहेस? आत्ता निघते."

"आत्ता नको. आज तुझी उशिरापर्यंत ड्युटी आहे, दमून गाडी चालवू नकोस. दुपारी माझं डोकं ठीक असतं, संध्याकाळीही. सकाळी ये."

"मग पबमध्ये खोली घे."

"विचारलं. तीनच खोल्या आहेत, लग्नाची पाहुणेमंडळी आलीत. तंबू आहे ना तुझा. तंबूसारखा तंबू आहे."

"दहाला पोचते. तोवर हलायचं नाही तिथून, डोरिसला हात लावायचा नाही. आणि आई, आज रात्री उणे चार सांगितलंय. कुडकुडत बसू नकोस, ऐकतेस? ऊबेत राहा. वचन दे."

"दिलं."

"स्टोव्ह तंबूत पेटवत नाहीस ना?"

"नाही गं, देवाशपथ. स्टोव्ह कायम बाहेर असतो." हे अगदी खरं आहे. स्टोव्ह मी कधीच आत नेलेला नाही.

फोन ठेवला आणि गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. भीती आहेच, ती कुठं जात नाही. पण वरच्या खोलीतून त्यांच्या परसातलं सफरचंदाचं झाड दिसतं, मला माहीत आहे. मी विसरेन तेव्हा ती मला सांगेल ते कसलं झाड आहे ते.

आता वारा अगदी पडलाय. गवत आत्ताच कडक व्हायला लागलंय, नदीवर वाफ. वचन दिलंय तर नीट पाळायचं म्हणून आज जय्यत तयारी केली. झालरीवर सगळीकडून माती ओढून दाबली. झरोक्यांत मोजे, वरून टॉवेल. लिन्झीसाठी शॉर्टब्रेडचा मोठा डबा घेतला होता. बिस्किटं कागदात बांधून ठेवली आणि त्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली. म्हणजे एक डबा पायाशी, एक कमरेशी. दोन्हींत कोळसे पेटवलेत. बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, शाब्बास.

आठाचा गजर लावलाय. ती यायच्या आत तोंड धुऊन, केस विंचरून चहाचं पाणी ठेवायचंय. तिच्यासाठी दुसरा कप घासून बाहेर दगडावर पालथा ठेवलाय.

आत्ता म्हणून पाहिलं. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, अठ्ठावन्न, एक्कावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन. बारा सेकंद. इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं. उद्या लिन्झीला म्हणून दाखवायचं.

धूर थांबलाय. डबे आत घेते.